शेवटची दहा मिनिटं

मार्चमधली सकाळ होती. हरभरा घरात येऊन पडला होता आणि मी स्वयंपाकघरात पाटावर बसून चहात पोळी बुडवत होते. नात परीक्षा आटोपून अमरावतीहून आली होती. तिनं मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला होता आणि जगातलं सगळ्यात मोठं म्हणतात ते सिनेमाचं बक्षीस वाटताना पाहत होती. बायकांच्या झग्यांचे घोळ इतके लांब की मागून उचलायला माणसं. मी म्हटलं, आज यांच्या झाडणाऱ्या बाईला सुट्टी दिसते, अंगण आपोआप झाडून निघून राह्यलं. नात हसली नाही. तिच्या आवडीच्या नटाचं नाव यायचं होतं, त्यामुळं ती देवळात बसल्यासारखी बसली होती.

त्याचं नाव आलं नाही. नात रुसली. मग स्टेजवर एक म्हातारी आली आणि अख्खं सभागृह उठून उभं राहिलं. पांढरे केस, हातात काठी, अंगावर साधा काळा झगा, जमिनीपासून चांगला वर. जन्मभराच्या कामाबद्दल तिला बक्षीस होतं. लोक टाळ्या वाजवतच होते. तिनं हात हलवला नाही, डोळे पुसले नाहीत. काठी माइकला टेकवली, ती घसरून पडली, कुठलासा देखणा हिरो ती उचलायला वाकला. तोवर तिनं आपले दोन्ही हात समोर धरून पाहिले. जणू हे कोणाचे, कधी आले. मग एका हातानं दुसरा पुसला.

पोळीचा तुकडा चहात विरघळला. मी म्हटलं, "हे त माही बाई."

नातीनं माझ्याकडं पाहिलं ते आजीला उन्हाचा त्रास झाला की काय असं. चेहऱ्यावरून मी तिला कधीच ओळखलं नसतं. सुरकुत्या तिला, सुरकुत्या मला, ओळखायचं काय? पण ते हात मी चाळीसेक वर्षांपूर्वी आकोल्यात पाहिले होते.

आता सांगते. सांगताना एका एकोणीस वर्षांच्या पोरीला मधे आणावं लागेल, त्याला इलाज नाही. ती पोरगी मीच. आज ती रस्त्यात भेटली तर मी तिचा कान पिळीन. इंझोरीत मॅट्रिक पास झालेली, म्हणून चालताना मान अशी ताठ की पायाखालचं शेण दिसू नये. म्हशीशीसुद्धा रेडिओवरच्या बाईसारखी शुद्ध बोलायची. म्हैस बिचारी दूध द्यायची, तिची सहनशक्ती.

तेव्हा वाशिम आकोला जिल्ह्यातच होतं आणि माझा मावसभाऊ आकोल्याला कॉलेजात होता. तिथल्या काही सिनेमावेड्या प्राध्यापकांनी मिळून एक मंडळ काढलं होतं. महिन्यातून एका रविवारी दुपारी भिंतीला पांढरी चादर लावून परदेशातले बक्षीस मिळालेले सिनेमे दाखवत. मावशीकडं गेले असताना मी भावाच्या मागं लागले. तो म्हणाला, तुला समजणार नाही. एवढं म्हटल्यावर मी न जाणं शक्यच नव्हतं.

त्याचं खरं होतं, मला एक शब्द कळला नाही. भाषा कुठली हेही कळलं नाही. खाली इंग्रजी अक्षरं येत, ती मी दोन शब्द जुळवेपर्यंत पळून जात, आणि जी थांबत ती पुढच्या प्राध्यापकाच्या टकलावर पडत. शेवटी मी वाचणं सोडलं आणि त्या बाईच्या तोंडाकडं पाहत बसले. त्याच वर्षी की आदल्या वर्षी तिला ते मोठं बक्षीस मिळालं होतं, असं भाऊ कानात सांगत होता.

थंडीचा देश. एक बाई नवऱ्याचं घर सोडून बहिणीकडं राहते. खाली पावाची भट्टी, वर खोली. दिवसभर हॉटेलाच्या चादरी इस्त्री करते. दर रविवारी नवरा येतो, टोपी हातात घेऊन उभा राहतो, गोड बोलतो. त्यानं आधी काय केलं ते सिनेमात कुठंच दाखवत नाहीत. फक्त एकदा ती वरच्या फळीवरचा डबा काढत असते, नवरा मदतीला म्हणून मागून हात वर करतो, आणि तिचा डावा खांदा आकसतो. एवढाच, आत घेतल्यासारखा. लगेच सरळ होतो. ती डबा काढते, हसतेसुद्धा. पण मला सगळी कथा समजली. आमच्याकडच्या नट्या असत्या तर त्यांनी मागं दोन वेळा विजा पाडल्या असत्या. या बाईनं एका खांद्यात घरातल्या साऱ्या भिंती दाखवल्या. माणूस इतकं थोडं करून इतकं सांगू शकतं, हे मला त्याआधी माहीत नव्हतं.

मग एका रविवारी नवरा तिचा जुना कोट घेऊन येतो. घरून आणलेला. दोन्ही हातांत धरून उभा, की घाल आणि चल. ती कप धूत असते. कप पुसते, पालथा ठेवते, आपले ओले हात समोर धरून पाहते, एका हातानं दुसरा पुसते. मग वळते आणि कोटात हात घालते.

इथं भावानं माझं मनगट धरलं. शेलूबाजारवरून आमच्या इंझोरीकडं जाणारी शेवटची गाडी निघून गेली असती. सिनेमा दहाच मिनिटं राहिला होता, पण गाडी ती गाडी. दारातून मी मागं पाहिलं तेव्हा ती दोघं जिना उतरत होती. आम्हीही उतरलो.

गाडीत बसून मला पुढं काय झालं असेल याची काळजी नव्हती. मला काळजी होती, हे सांगू कसं याची. कारण आमच्याकडं सिनेमा पाहणं हे अर्धंच काम होतं, सांगणं खरं. निंदणीला दहा-बारा बायका ओळीनं बसायच्या, प्रत्येकीकडं पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, एकेक ओळ, तिला पात म्हणत. जिनं सिनेमा पाहिला असेल तिनं खुरपं खाली ठेवायचं आणि सांगायचं. तिची पात आजूबाजूच्या दोघी निंदत पुढं न्यायच्या. असा रिवाज होता. आमच्या घरचं वावर असलं तरी आईनं मला पात लावूनच दिली होती, आणि कंबर वाचवायला मी कुठलाही सिनेमा सांगायला तयार असे.

पण टोळीची म्होरकी एक म्हातारी होती आणि तिचा एक नियम होता. शेवट गोड पाहिजे. एकदा मी सिनेमात आई मरते असा शेवट सांगितला, तर तिनं माझी अख्खी पात तशीच सोडायला लावली. वरून म्हणाली, आमचा दिवस काहून नासवला.

माझ्या उजव्या हाताच्या पातीत माझी मैत्रीण असायची. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, तीन महिन्यांपासून माहेरी आलेली. तिच्या उजव्या मनगटाचं हाड मोडून वाकडं जुळलं होतं, म्हणून ती डाव्या हातानं निंदायची. हाड कसं मोडलं हे गावाला माहीत होतं आणि कोणी विचारत नसे. त्या आठवड्यात सासरहून निरोप आला होता की गुरुवारी न्यायला येतो. तिची आई म्हणत होती जा. बाप काही बोलत नव्हता. तिनं अजून हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं.

सोमवारी मी सिनेमा सांगितला. सांगितला कसला, केला. पाण्याचा गडवा पालथा ठेवला. हात पाहिले, पुसले. बापाची घोंगडी कोट म्हणून घातली. तो खांदा तर मी तीन वेळा करून दाखवला, कारण मागच्या बायकांना दिसला नाही. बांगड्या वाजायच्या बंद झाल्या होत्या. जिना उतरेपर्यंत आले आणि थांबले, कारण पुढं माझ्याकडं काहीच नव्हतं.

मैत्रीण म्हणाली, "मंग? गेली का थे वापस?"

तिनं हे असं विचारलं की कोणालाही कळलं असतं ती कोणाबद्दल विचारतेय. मला कळलं नाही. मी म्होरकीच्या तोंडाकडं पाहिलं, मग माझ्या पातीकडं. अर्धी पात शिल्लक होती.

मग मी त्या दोघांना घोडागाडीत बसवलं. घरी दिवे लावले. नवऱ्यानं कान धरले. सासूनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि त्या गोऱ्या बाईनं उंबऱ्यावरचं माप पायानं लवंडून घरात पाऊल टाकलं. थंडीच्या देशात धान्याचं माप कोणी भरून ठेवलं होतं ते म्होरकीनंही विचारलं नाही. वर्षानं तिला मी मुलगाही दिला. द्यायचंच म्हटल्यावर हात कशाला आखडायचा.

मैत्रिणीनं एवढंच विचारलं, "स्वतः गेली? कोनी ओढत नाई नेली?"

"स्वतः गेली. कोट घालून."

गुरुवारी ती गेली. आणि मी? मी महिनाभर छाती फुगवून फिरले. माझ्या एका सिनेमानं संसार सांधला, हे मी लग्नानंतर शेलूबाजारला आल्यावरही लोकांना सांगितलेलं आहे, मीठ लावून. अडीच वर्षांनी ती पोर काखेला मारून एकटी परत आली, हे आईनं मला म्हैस व्याली त्याच्याआधी की नंतर कधीतरी सांगितलं. मी म्हटलं, नशीब. माझा सिनेमा त्या गोष्टीला जोडायचं मला सुचलंसुद्धा नाही.

तर, त्या मार्चमधल्या सकाळी नातीनं अर्ध्या तासात तो सिनेमा शोधून काढला. मी नाव सांगू शकले नाही, चादरी आणि पावाची भट्टी सांगितली, तेवढ्यावर. दुपारी दोघी बसलो. खालची अक्षरं ती मला आपल्या बोलीत सांगत होती आणि पहिल्यांदा कळलं की नवरा बोलतो ते किती गोड बोलतो. शब्द न कळताच मी त्याला बरोबर ओळखलं होतं. हे श्रेय माझं नाही, त्या बाईचं.

मग ती दहा मिनिटं आली. दोघं जिना उतरतात. रस्त्यावर बर्फाचा चिखल. नवरा पुढं, बोलत चाललाय, घरी कुठली खिडकी दुरुस्त केली, परसात काय लावलं. ती चार पावलं मागं. कोपऱ्यावर तो डावीकडं वळतो, बोलतोच आहे. ती वळत नाही. उभी राहते. कोटाची बटणं खालून वर, एकेक, गळ्यापर्यंत लावते. आणि सरळ चालायला लागते. मग बराच वेळ फक्त तिचा चेहरा. ती रडत नाही, हसत नाही, चालते. चेहऱ्यावर काही होत नाही असं वाटतं, आणि पाहता पाहता तो चेहरा दुसऱ्याच बाईचा होतो, वयानं लहान, भुवया मोकळ्या झालेल्या. कसं केलं असेल तिनं? मी हा भाग नंतर वीसेक वेळा पाहिला, आरशासमोर करूनही पाहिला. नातीनं विचारलं, आजी, दाढ दुखते का?

पण त्या दुपारी मला कौतुक सुचलं नाही. मी नातीला निंदणीची सगळी गोष्ट सांगितली, माप लवंडण्यासकट. मापाला ती हसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "आजी, मंग थे तुह्यामुळं गेली?"

चाळीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मीही नाही.

मैत्रीण आता रिठदला असते, लेकीजवळ. लेक शाळेत बाई आहे. शिवणयंत्रावर तिनं ती लेक वाढवली. मधल्या काळात आम्ही लग्नाकार्यात भेटलो, गुडघ्यांबद्दल बोललो, एकमेकींची नातवंडं पाहिली. हे बोललो नाही. नातीनं सिनेमा माझ्या मोबाइलमध्ये भरून दिला आणि पंधरा दिवसांनी मी वाशिमची गाडी धरली, वाशिमहून रिसोडकडची. सारा रस्ता मी वाक्य जुळवत होते. तोंडाळ बाईला वाक्य सापडू नये यासारखी शिक्षा नाही.

ती ओसरीत ब्लाउजला हुक लावत बसली होती, डाव्याच हातानं. यंत्र आता चालवत नाही, पण हातशिलाई सोडवत नाही म्हणाली. मी न सांगता आले याचं तिला नवल वाटलं नाही. चहा झाला. मग मी सरळच बोलले.

"तुले आठवते का वं, मी निंदनात एका गोऱ्या बाईचा सिनेमा सांगतला होता? त्याचा शेवट मी पाह्यलाच नव्हता. गाडी जाईन म्हणून उठलो होतो आमी. थे घोडागाडी, थे दिवे, थे लेकरू, सारं मी मनानं घातलं."

"माहीत हाय," ती म्हणाली.

"कसं?"

"गोऱ्या बाईनं माप लवंडलं म्हणे. मी अडाणी होतो, पन इतकी नाई."

मी हसले नाही म्हणून तिनं मान वर करून पाहिलं. मी म्हटलं, मंग तू गेली काहून? सुई तिनं ब्लाउजातच टोचून ठेवली.

"जाच लागत होतं मले. मायनं तोंड फिरवलं होतं, बाप त बोलतच नोयता. कोनीतरी म्हनाव ना, का जाय, चांगलं होते. तू म्हतलं. खोटं हाय हे समजत होतं, पन त्या दिवशी मले तेच पाह्यजे होतं. तुह्यामुळं गेली असं नको समजू बाई. एवढी मोठी नाईस तू."

चाळीस वर्षं जी बढाई मारली ती एका वाक्यात गेली, आणि गेल्या पंधरा दिवसांचं ओझंही तिच्याच सोबत गेलं. हलकं वाटावं की अपमान वाटावा ते मला ठरवता येईना. तेवढ्यात तीच पुढं बोलली.

"पन तो खांदा तू खरा केला होता."

मी बशी बाजूला सारली. ती बोलत राहिली.

"तोवर मले वाटे, मी त्याले भित नाई. उलटून बोलो मी. सासरी गेल्यावर पाह्यलं, तो खुटीवरचा टावेल काढाले हात वर करे, का माहा खांदा तसाच होये. रोज. मी म्हनो, जाऊ दे, आपलं हाय. मंग पोरगी सव्वा वर्साची झाली. चालाले लागली होती. एक दिवस त्यानं भिंतीतल्या दिवळीतला कंगवा काढाले हात उचलला आन तिचा खांदा..." तिनं स्वतःचा खांदा हलवला नाही. "इतकुसा खांदा. त्याच दिवशी निंघालो."

आतून कुकरची शिट्टी झाली, ती उठून गॅस बारीक करून आली. मी मोबाइल काढला होता. एक बाई कुठल्यातरी थंड गावात दिव्यांपुढं उभी राहून खांदा आकसते, तो इंझोरीच्या पऱ्हाटीत एका बढाईखोर पोरीच्या अंगावर येतो, आणि तिथून पुढं. तिला स्टेजवर उभं करून जग टाळ्या वाजवत होतं, पण त्यातल्या कोणाला हे माहीत नव्हतं. तिलाही नाही. माझं म्हणणं, तिच्या बक्षिसात एवढं धरलेलं नाही, ते कमी पडलं.

आम्ही सिनेमा लावला. अक्षरं वाचायला नात नव्हती, पण कोणाचं अडलं नाही. मैत्रीण चष्मा लावून, मोबाइल डाव्या हातात धरून पाहत होती. खांद्याच्या जागी तिनं मोबाइल थोडा जवळ घेतला. कप पालथा ठेवला तेव्हा म्हणाली, "तू लय केलं होतं. इनं त काहीच नाई केलं." मी म्हटलं, म्हणून तिला बक्षीस आणि मला निंदण. तिला पटलं.

कोपरा आला. नवरा वळला. ती बटणं लावू लागली तेव्हा मैत्रिणीचे ओठ हलत होते, बहुतेक बटणं मोजत होती. मग तो चेहरा. तो शेवटपर्यंत चालत राहिला आणि पडदा काळा झाला.

"सिनेमा सरला?"

"सरला."

"मंग थे गेली कुठं?"

जीभ वळवळली, खोटं कशाला बोलू. बहिणीकडं परत, भट्टीत काम, एक चांगला पाववाला, सगळं तोंडात तयार होतं. पण आज माझी पात निंदायला कोणी बसलेलं नव्हतं.

"मले नाई माहीत," मी म्हटलं.

तिनं चष्मा काढला आणि पदरानं पुसत बसली.

"मी सांगतो," ती म्हणाली. "पहिले त तिले भूक लागन. घरातून निंघताना नाई समजत. वाशिमच्या स्टँडवर उतरलो, पोरगी काखेत, गाडी दुपारची. आन अशी भूक लागली मले का डोये फिरले. गरम भजे घेतले, फुंकर माराचीबी सवड नाई. जीभ पोळली सारी. पोरगी रडे का मलेबी दे, आन मी खातच होतो."